राक्षसांचे सेवानियम

‘परंतु असे की, भूत वाहत्या पाण्यात उतरल्यास त्याचे बळ निम्मे धरण्यात येईल, मात्र सदर तरतूद वेताळास लागू राहणार नाही.’

हे वाक्य एका निवृत्त सरकारी अधिकाऱ्याने पूर्ण शुद्धीत, चहा घेत घेत लिहिलेलं आहे. अशी वाक्यं त्यांनी साडेचारशे पानं लिहिली. आम्ही त्यांना तोंडावर ‘साहेब’ म्हणायचो आणि पाठीमागेही साहेबच म्हणायचो, कारण ते पाठीमागचंही ऐकतील अशी धास्ती असायची.

बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक सामानाच्या एका दुकानावर पोटमाळा आहे. दुकान चाचांचं, त्यांच्या आजोबांपासूनचं. रविवारी बाजार बंद असतो, म्हणून अकरा ते चार आम्ही सात-आठ जण तिथे लढाया खेळायचो. बोटाच्या पेराएवढे सैनिक असतात, ते आपणच रंगवायचे आणि मोठ्या टेबलावर मांडायचे. कुणाचे राक्षस, कुणाचे बुटके, कुणाची भुतं. मोजपट्टीने इंच मोजून त्यांना पुढे सरकवायचं आणि फासे टाकून कोण मेलं ते ठरवायचं. प्रत्येक सैन्याचं वेगळं नियमपुस्तक असतं: कुणाचं बळ किती, कोण कुणाला घाबरतं, घाबरलं तर किती लांब पळतं. पुस्तकं परदेशातून येतात, आणि छापणारी कंपनी दर दोन-चार महिन्यांनी त्यातल्या चुका दुरुस्त करून इंटरनेटवर टाकते. हे सगळं लग्नाची, पगारदार, इन्कम टॅक्स भरणारी माणसं करतात, लहान मुलं नव्हे. माझी आई अजून हे कुणाला सांगत नाही.

मी खराडीत टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका काढायच्या आणि त्यांना कळवायच्या, एवढ्याचा मला पगार मिळतो. हे मुद्दाम सांगतेय. पुढे माझी लाज निघणार आहे तेव्हा उपयोगी पडेल.

साहेबांनी ती सगळी नियमपुस्तकं मराठीत आणली होती. कुणी सांगितलं नव्हतं. ‘इंग्रजीत पळवाटा फार,’ एवढंच म्हणाले. पस्तीस वर्षं आस्थापना शाखेत काढलेली. कुणाची रजा, कुणाची बढती, कुणाची चौकशी, सगळे सेवानियम तोंडपाठ. तीच भाषा त्यांनी राक्षसांना लावली. प्रत्येक सैन्याची एक फाईल, फाईलला फीत. दुरुस्ती आली की तिचं ‘शुद्धिपत्रक’ व्हायचं. कागदाची पट्टी कापायची आणि जुन्या वाक्यावर डिंकाने एकाच कडेला चिकटवायची, म्हणजे पट्टी उचलली की खालचं जुनं वाचता येतं. समासात तारीख आणि सही. पट्टी तिरकी लागली तर ते ती काढून पुन्हा लावायला सांगायचे.

माझ्या पहिल्या रविवारी मी हौसेने निळा राक्षस रंगवून नेला होता. साहेबांनी तो हातात घेऊन फिरवला.

‘मान्यता?’

‘कसली?’

‘निळा राक्षस यादीत नाही. अर्ज करा.’

मी गंमत म्हणून फोनवर दोन ओळी पाठवल्या. उत्तर आलं, ‘अर्ज कागदावर. विषय, संदर्भ, स्वाक्षरी.’ मी हात टेकले आणि कागदावर अर्ज दिला. तिसऱ्या रविवारी मंजुरी मिळाली, ‘विशेष बाब म्हणून, पूर्वोदाहरण समजण्यात येऊ नये.’ तो कागद मी लॅमिनेट करून ठेवलाय.

पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, रविवारी सकाळी वाघोलीच्या विहारात वंदना आटोपून थेट इकडे. बोलताना माणसाच्या डोळ्यांत बघायचे नाहीत, कानाकडे बघायचे. आपण काही चूक केलीय आणि ती कानावर लिहिलेली आहे असं वाटायचं. एकदा मी विचारलं, ‘साहेब, माझ्या कानाला काही लागलंय का?’ तर म्हणाले, ‘लागलेलं नाही. लागल्यास कळवण्यात येईल.’ आम्ही हसलो. अधिकारी माणसाचा माज, दुसरं काय, असं आम्ही धरून चाललो.

या खेळात ‘भीतीची कसोटी’ म्हणून एक प्रकार असतो. समोर भयंकर काही आलं की सैनिकांसाठी दोन फासे टाकायचे. आकडा जास्त आला की तुकडी पळाली. मला ती कसोटी टाकायचा कंटाळा यायचा, मी आधीच माझी माणसं मागे ओढायचे. साहेब हात आडवा घालायचे. ‘मॅडम, घाबरणं नियमबाह्य नाही. फासे न टाकता पळणं नियमबाह्य आहे.’

मी मुळातच भित्री. दोन वर्षांपूर्वी येरवड्यात माझी गाडी घसरली. लागलं फारसं नाही, पण मागून येणारी बस माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर थांबली होती. त्यानंतर मी गाडी विकली. साहेबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, ‘माझा रस्ता खराडीवरूनच जातो. स्कूटरवर मागे बसत जा.’ मला हायसं वाटलं. रस्त्यावर नियमाने चालणारा पुण्यातला एकुलता एक माणूस मला मिळाला होता. ताशी तीस, दोघांना हेल्मेट, वळायच्या शंभर पावलं आधी इंडिकेटर. सकाळी खराडी बायपासला मला घ्यायचे, संध्याकाळी तिथेच सोडायचे.

गेल्या संक्रांतीच्या सुमारास, महिनाभर ‘प्रकृती’ म्हणून न आल्यानंतर, त्यांनी नवीनच टूम काढली.

‘मॅडम, तुमची भीती घालवायची असेल तर डोळे मिटून बसू नका. आजपासून तुम्ही टेहळणी पथक. दिसेल ते मोठ्याने सांगायचं.’

मी सांगायला लागले. ‘पुढे एक गाडी आहे.’

‘अपुरं वर्णन. कुठली, कुठल्या बाजूला, किती अंतरावर?’

‘डावीकडे टेम्पो, उभा, वीस पावलांवर.’

‘आता बरोबर. सिग्नल?’

‘लाल. आता पिवळा. हिरवा, साहेब, चला.’

पहिले दोन-तीन रविवार मला हसू यायचं. संगम पुलापासून बायपासपर्यंत मी मागे बसून समालोचन करतेय आणि शेजारचे रिक्षावाले बघतायत. पण खरं सांगते, गुण आला. तोंडाने बोलत राहिलं की डोळे मिटायची आठवणच व्हायची नाही. मी आईला फोन करून सांगितलं, ‘साहेबांनी माझी भीती घालवली गं.’ मे महिन्यापर्यंत मी पुन्हा गाडी घ्यायचा विचार करत होते.

दरम्यान साहेबांनी शुद्धिपत्रकांचं काम माझ्याकडे दिलं होतं. ‘डिंकाने बोटं चिकटतात,’ म्हणाले, ‘आणि दप्तर कुणाला तरी यायला हवं.’ मला केवढा अभिमान वाटला. जूनमध्ये राक्षसांच्या पुस्तकाची एक दुरुस्ती आली. पूर्वी राक्षसाची भीती सहा इंचांपर्यंत लागायची, ती आता आठ केली होती. मी टाईप केलं, पट्टी कापली, सरळ लावली आणि सहीसाठी फाईल पुढे केली. ‘शुद्धिपत्रक लावलंय, साहेब.’ त्यांनी ‘ठीक’ म्हणून मी बोट ठेवलं होतं तिथे सही केली. काय बदललं, ते विचारलं नाही.

पुढच्या रविवारी माझे राक्षस आणि चाचांचे बुटके. माझा निळा राक्षस पुढे सरकला आणि बुटक्यांपासून सात इंचांवर थांबला. मी खुशीत होते; आठ इंचांच्या नियमाने बुटक्यांना कसोटी लागणार. चाचा म्हणाले, ‘नाही बेटा, सहा इंच असतं.’ निवाडा साहेबांकडे गेला. त्यांनी फाईल उघडली, पानं मोजत मागे गेले, बोट ओळीवर ठेवलं आणि खणखणीत आवाजात वाचलं:

‘राक्षसाची भीती त्याच्या पायापासून सहा इंचांपर्यंत लागू राहील. सहा. स्पष्ट लिहिलंय.’

मी तोंड उघडलं होतं. मग मला त्यांचं बोट दिसलं. ते माझ्याच पट्टीवर होतं. पांढऱ्या कागदावर काळा आठचा आकडा, आणि त्याच्यावरून बोट फिरवत साहेब ‘सहा’ वाचत होते. डोळे पानावर नव्हतेच. पानाच्या कडेला, टेबलाच्या लाकडाकडे होते. ते वाचत नव्हते. पाठ म्हणत होते.

मी तोंड मिटलं. चाचांचे बुटके वाचले आणि माझा राक्षस पुढच्या डावात मेला. मला त्याचं काही वाटलं नाही. मला सकाळचा रस्ता आठवत होता. ‘सिग्नल, मॅडम?’ ‘उजवीकडे काय?’ ‘किती अंतरावर?’ हा बाबा माझी भीती घालवत नव्हता. माझ्या डोळ्यांनी गाडी चालवत होता. आणि मी खराडीला उतरल्यावर पुढे वाघोलीपर्यंत सात-आठ किलोमीटर, डंपर आणि कंटेनर धावतात तो नगर रस्ता, तिथे त्याला कोण सांगत होतं?

साहेब खाली हात धुवायला गेले तेव्हा मी चाचांना गाठलं. ते फासे डबीत भरत होते.

‘चाचा, साहेबांना दिसत नाही.’

‘मला माहीत आहे ना बेटा,’ ते हळूच म्हणाले. ‘परवा त्यांनी चहाचा कप टेबलावर नाही ठेवला, हवेत ठेवला. मी पकडला.’

‘मग बोलला नाहीत?’

‘काय बोलू? हे नियम गेले तर त्या माणसाकडे राहतं काय? घरात बसले तर महिन्यात संपतील. तू बसतेस ना मागे? मग बस. तू आहेस म्हणून ते येतात.’

त्यांना स्कूटरवरच्या टेहळणीचं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी आपलं साधेपणाने म्हटलं, सोबत असते या अर्थाने. मी सांगायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. तेवढ्यात जिन्यावर साहेबांची पावलं वाजली आणि चाचा पुन्हा फासे डबीत भरायला लागले.

त्या दिवशी मी मागे बसले. पुढचे तीन रविवारही बसले. मला विचाराल तर आयुष्यात एवढी कशालाच घाबरले नाही. नाही बसले तर ते पूर्ण रस्ता एकटे जाणार. बसले तर या पापात मी भागीदार. आणि सांगितलं तर त्यांचं जे काही उरलंय ते माझ्या हाताने जाणार. ऑफिसात मी परक्या माणसाला बेधडक लिहून पाठवते की तुझं हे चुकलं आणि हेही चुकलं. इथे माझ्या तोंडून शब्द फुटेना. एकदा धीर करून म्हटलं, ‘साहेब, आज वाघोलीपर्यंत येते, तिकडे काम आहे.’

‘नको. तुमची हद्द खराडीपर्यंत.’

बायपासला उतरून मी त्यांची पांढरी पाठ ट्रकांच्या मधून दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचे. ती दिसेनाशी झाली की माझा खरा रविवार सुरू व्हायचा. सोमवारी पेपर उघडताना आधी आतलं पान, अपघातांचं.

तिसऱ्या रविवारी परतताना, येरवडा सोडल्यावर, भर रस्त्यात एक माणूस वाकून चपलेचा अंगठा बसवत होता. मला तो तीस पावलांवर दिसला. वीस पावलांवरही दिसला. मी तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. साहेब सरळ, ताशी तीस, इंडिकेटर बंद, मान ताठ, त्याच्यावर निघाले होते. मी त्यांच्या पाठीवर दोन्ही मुठी मारल्या. स्कूटर झोकांडली. त्या माणसाने शेवटच्या क्षणी उडी मारली. आरसा त्याच्या कोपराला घासून गेला. तो मागून आयाबहिणींवरून शिव्या देत होता आणि मला त्या शिव्या ऐकून रडू यायला लागलं, कारण शिव्या देतोय म्हणजे जिवंत आहे.

साहेबांनी गाडी कडेला घेतली, पाय टेकले. मान वळवून माझ्या कानाकडे बघत त्यांनी विचारलं,

‘कोण होतं?’

काय झालं, असं नाही. कोण होतं.

शेजारी रसवंती होती. मी त्यांना दंडाला धरून बाकड्यावर बसवलं. स्कूटरची किल्ली काढून मुठीत घेतली.

‘तुम्हाला दिसत नाही, साहेब.’

त्यांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. रस आला तरी ग्लास उचलला नाही.

‘मधलं दिसत नाही,’ ते म्हणाले. ‘कडेचं दिसतं. जिथे बघायला जावं तेवढंच नसतं. तुमचा चेहरा मी नोव्हेंबरपासून पाहिलेला नाही.’

‘डॉक्टर काय म्हणाले?’

‘वाहन चालवू नये. लेखी दिलंय.’

‘मग?’

‘तो कागद फाईलला लावला.’

मला एवढा संताप आला की वाटलं तो रस त्यांच्या पांढऱ्या शर्टावर ओतावा. ‘साहेब, तो माणूस आत्ता मेला असता. तुमच्या हातून. आणि मी बघत बसले होते.’

‘तुम्ही सांगितलं नाहीत,’ ते म्हणाले. तक्रार नव्हती आवाजात. मग त्यांनी हेल्मेटचा पट्टा सरळ केला. ‘मला भीती वाटते, मॅडम. आयुष्यभर लोक माझ्याकडे विचारायला आले, साहेब, नियम काय सांगतो. आता मी कुणाला विचारू, की बाबा, एवढं वाचून दाखव?’

‘मला विचारायचं होतंत.’

त्यांनी हेल्मेट चाचपत माझ्या हातात दिलं.

स्कूटर रसवंतीवाल्याच्या भरवशावर ठेवली आणि रिक्षा केली. खराडी बायपास आला तसे साहेब म्हणाले, ‘तुम्ही इथे उतरा. मी जाईन.’ मी म्हटलं, ‘आज माझी हद्द तुमच्या दारापर्यंत.’ पूर्ण नगर रस्ता ते हात मांडीवर ठेवून बसले. शेजारून डंपर गेला की रिक्षा हलायची, आणि मी दर वेळी डोळे मिटायचे.

चौथ्या मजल्यावर घर. साहेबांच्या बायकोने, काकूंनी, दार उघडलं. ठेंगण्या, चष्मा कपाळावर, हाताला पीठ. माझ्याकडे बघून त्यांचं तोंड फुललं.

‘आलीस एकदाची वर. किती वेळा म्हटलं यांना, पोर दारापर्यंत येते, वरून दिसतही नाही, आणि खालूनच परत जाते, एकदा चहाला तरी आण. बस बाळ.’

मला त्यांचं बोलणं नीट उमगलं नाही, आणि उमगून घ्यायला मी थांबलेही नाही. किल्ली टीपॉयवर ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. डोळे, रस्ता, चपलेवाला माणूस. साहेब खुर्चीत बसून टीपॉयच्या कडेकडे बघत होते. मला वाटलं काकूंना धक्का बसेल. त्या शांतपणे पिठाचे हात पदराला पुसत राहिल्या.

‘डोळ्यांचं मला माहीत आहे गं,’ त्या म्हणाल्या. ‘डॉक्टरांचा कागद मीच वाचून दाखवला. किल्ली मीसुद्धा लपवली होती. महिनाभर हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून होता, जेवण नाही, बोलणं नाही. मग एक दिवस म्हणाले, आपल्या मागच्या सोसायटीतली एक मुलगी आहे, ती दारापासून दारापर्यंत मागे बसते आणि रस्ता सांगते. तेव्हा कुठे मी किल्ली दिली. चुकलं माझं. आजपासून नाही देणार. पण तू होतीस म्हणून मी निर्धास्त होते.’

‘काकू,’ मी म्हटलं, ‘मी मागच्या सोसायटीत राहत नाही. मी खराडीला राहते. बायपासला चढते आणि बायपासलाच उतरते.’

काकूंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढून डोळ्यांवर घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

‘अहो,’ त्या म्हणाल्या. ‘खराडीच्या पुढे कोण सांगत होतं तुम्हाला?’

‘कुणी नाही.’

‘मग येत कसे होतात?’

‘खराडी मागे पडली की हॉर्न दाबून धरायचो,’ साहेब म्हणाले. ‘सोसायटीच्या वळणापर्यंत सोडायचो नाही. लोक आपोआप बाजूला होतात.’

काकू खाली बसल्या. खुर्चीवर नाही, होत्या तिथे फरशीवर. मी पाणी आणायला उठले तर त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला.

‘तो हॉर्न मी ऐकलाय,’ त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. ‘दर रविवारी संध्याकाळी. गॅलरीत यांची वाट बघत उभी असायचे ना, तेव्हा लांबून यायचा. वाटायचं, कोण मेला हा, एखाद्याचा जीव घेणार. आणि मी मनात म्हणायचे, हे अजून रस्त्यातच असतील, त्याच्या वाटेत तेवढे हे येऊ नयेत.’